चानोला काय म्हणायचं

कादिस, २१ नोव्हेंबर

सेबास्तियान,

नाव लिहिलं आणि वाटलं, वीज कंपनीला तक्रार लिहायला बसले आहे. इतक्या वर्षांत मी तुला या नावाने एकदाही हाक मारलेली नाही. चानो म्हणावं, तर ते तुझी बहीण म्हणते, पाद्री म्हणतो, तुझ्याकडून ऑलिव्ह नेणाऱ्या म्हाताऱ्या म्हणतात. माझा तुझ्यासाठीचा शब्द वेगळा होता. तो तू गुरुवारी सगळ्यांसमोर माझ्या हातातून काढून घेतलास. तेव्हा पत्राच्या डोक्यावर काय लिहायचं ते आता तूच कळव.

मी रागावलेली आहे हे आधीच सांगते. नाहीतर पहिलं पान वाचून म्हणशील, रेग्लाची नेहमीची बडबड.

गुरुवारचं सगळं मी लिहून काढते आहे. पुढचं तुला ठाऊक नाही, कारण तू उठून गेलास, आणि आधीचं तू तुझ्या सोयीने लक्षात ठेवशील. आपण एन्कार्नीच्या गॅरेजात बसलो होतो. या कार्निव्हलला आपली टोळी समुद्रातले काळे काटेरी एरिसो होणार हे ठरलेलं होतं. तेच एरिसो, जे फेब्रुवारीत मी टोपलीने विकते आणि लोक रस्त्यात उभं राहून फोडून चमच्याने खातात. काटे कसे करायचे ते तू बघत होतास. गाणी मी लिहिली होती, दरवर्षी मीच लिहिते, आणि आपली ही चिल्लर टोळी स्पर्धेच्या नाट्यगृहात कधी पाऊल टाकत नाही, कोपऱ्यावर उभी राहून गाते, म्हणून माझ्या गाण्यांना आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. मी पालुपद वाचलं:

बाल्कनीतून विचारी जो तो, गल्लीत आलं कोण?
बाहेर काटे, आतून गोड, आलाय मारिकोन.

सगळे हसले. तूही हसलास, मी बघितलं. मग नेरेआने हात वर केला. हात वर, आपल्या टोळीत, जिथे सगळे एकाच वेळी बोलतात आणि जो जास्त ओरडेल त्याचं खरं. पोरगी चोवीस वर्षांची, वायादोलिदची, तिथे म्हणे लोक शिवीसुद्धा हळू आवाजात देतात.

ती म्हणाली, "रेग्ला, हा शब्द तुला गाता येणार नाही. तो पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांवर फेकलेला शब्द आहे. ज्यांना तो लागला, त्यांनीच तो उचलायचा. आपल्या बायकांचा आपला वेगळा शब्द आहे."

मी म्हटलं, "पोरी, तुझी आई शाळेत जात होती तेव्हापासून मी हा शब्द वापरते आहे. रोज सकाळी, अख्ख्या मंडईसमोर. आणि ज्याला म्हणते तो हा काय इथेच बसलाय. त्यानेच मला मुभा दिलेली आहे. विचार त्याला."

तिने विचारलं. त्यात तिचा दोष नाही, विचार म्हणून मीच म्हटलं होतं. तू सुईत दोरा ओवत होतास. दोरा ओवून गाठ मारून झाल्यावर तू मान वर केलीस आणि म्हणालास, "मी दिलेली नाही. तिने घेतली."

नेरेआने लगेच दवाखान्यातल्या नर्ससारखा आवाज काढला. "काही घडलं होतं का, चानो? बोलायचं असेल तर आम्ही ऐकतोय."

आणि तू म्हणालास, "काही घडायला कशाला हवं? मला आवडत नाही. कधीच आवडला नाही." कापड गोळा केलंस, सगळ्यांना शुभरात्री म्हणालास आणि गेलास. सोमवारी तुझं शटर खालीच. तू सानलुकारला बहिणीकडे, मिलाग्रोसकडे राहायला गेलास हे मला कळलं ते कुर्रोकडून. मंडईतल्या खाटकाने मला सांगावं, चानो कुठे आहे.

आता माझा प्रश्न. का नाही बोललास? मी शटर वर करताना ओरडायची, "उठलास का रे, मारिकोन?" आणि तू पिंपातून झारा बाहेर काढून, मान मागे टाकून हसायचास. हसायचास आणि म्हणायचास, "उठलो गं बोयेरा, तुझ्या आधी उठलो." तुझ्या आजारपणात, माझ्या आजारपणात, तुझी आई गेली त्याच्या पुढच्या सोमवारीसुद्धा. जो माणूस रोज हसतो त्याच्या मनात काय आहे ते मी कसं ओळखायचं? मी मासे विकते, मनं वाचत नाही.

आणि तू मला बोयेरा म्हणालास तेव्हा मी कधी तोंड वाकडं केलं? पोरींवर प्रेम करणाऱ्या बाईला म्हणायचा तोही काही देवळातला शब्द नाही.

पालुपद मी बदलणार नाही. तुझी वाटही बघत नाही. गुरुवारी आठला तालीम आहे.

रेग्ला


६ डिसेंबर

चानो (पाद्री म्हणतो तेच, दुसरं सुचेना),

तालमीला आला नाहीस. तुझा मधला आवाज नसला की वरचे वर उडून जातात आणि खालचे खड्ड्यात पडतात. मी सगळ्यांना सांगितलं की तुला सर्दी झाली आहे. कुणाचाही विश्वास बसला नाही.

आज मंडईत माझी शोभा झाली. सांगायचं नव्हतं, पण पोटात ठेवून दिवसभर कुणाला नीट सुट्टे पैसेही देता आले नाहीत. सकाळी कुर्रोने सुरा पुसता पुसता पलीकडून विचारलं, "काय गं, आपला मारिकोन कधी येणार परत?" समोर त्याचं गिऱ्हाईक, निळ्या कोटातली बाई, ती खुदकन हसली. आणि माझं डोकं फिरलं.

"तोंड सांभाळ, कुर्रो."

तो गोंधळला. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. "अगं, तूच तर रोज म्हणतेस."

"मी म्हणते ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी?"

"मी त्याच्या बाजूची आहे."

"आणि मी? मी काय त्याच्या वाइटावर आहे? त्याच्या आईला खांदा दिलाय मी." हे खरं आहे, उजवीकडून पुढचा तोच होता. मग त्याने सुरा खाली ठेवला, कारण त्यालाही लागलं होतं. "ऐक रेग्ला. तू या मंडईत आलीस त्याच्या आधीपासून मी इथे आहे. तेव्हा सगळे त्याला चानोच म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे ते सोड. तोंडावर म्हणायला तू सुरुवात केलीस. तू म्हणायला लागलीस म्हणून आम्ही म्हणायला लागलो. आम्हाला वाटलं, घरचंच झालं आता."

निळ्या कोटातली बाई दोघांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी तिने कुर्रोकडून काहीच घेतलं नाही आणि माझ्याकडूनही नाही.

तू हे वाचून म्हणशील, बरी जिरली. म्हण. पण तुला एक गोष्ट कळलेली नाही आणि ती मी सांगणारच आहे.

तुला गल्लीतून जाताना वरून काय काय ऐकावं लागायचं ते मला माहीत आहे, मी शेजारून चालत असायची. पण मला कधी कुणी काही म्हटलं का? आठवून बघ. अंपारो आणि मी एका घरात, एका पलंगावर, ती जाईपर्यंत. गल्ली तिला काय म्हणायची? भाडेकरू. कुणी चुलत बहीण म्हणायचं. तिच्या अंत्यविधीला पाद्रीने "खोली भाड्याने देणाऱ्या सहृदय बाईंचे" आभार मानले होते. मी पहिल्या बाकावर बसले होते आणि मान डोलावली. लोक तुला शब्द फेकून मारत होते, आणि मी तिथे नव्हतेच. तू चौकातून गेलास तर चौकाला कळायचं कोण गेलं. मी गेले तर मासेवाली गेली. मला तुझा हेवा वाटायचा, चानो. ऐकायला घाण वाटत असेल तर वाटू दे.

आणि एक दिवस तू, हातात झारा घेऊन, सगळ्यांच्या देखत मला म्हणालास, "काय गं बोयेरा, आज बोनितो कसा दिलास?" त्या दिवशी घरी जाऊन मी अंपारोला ते सांगितलं आणि आम्ही दोघी रडलो. वाईट वाटून नव्हे. कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तुला तुझा शब्द दिला. मला वाटलं, मला जे झालं तेच तुला होत असेल. मला वाटलं मी परतफेड करते आहे.

ही माफी नाही. समजावून सांगते आहे, एवढंच.

तुझ्या शटरवर कुणीतरी गॅस सिलिंडरची जाहिरात चिकटवली आहे. मी काढली. कुणीतरी परत चिकटवली.

रेग्ला


११ जानेवारी

चानो,

टोप्या मिळाल्या. खोक्यात चिठ्ठी शोधली, नव्हती. काळ्या प्लास्टिकच्या केबल बांधायच्या पट्ट्या अशा शिवून काटे करायचे, हे जगात फक्त तुला सुचू शकतं. एन्कार्नीने घालून बघितली आणि गॅरेजच्या दारात अडकली, तिला मागे ओढायला दोघं लागले. मी केल्या असत्या तर आपण एरिसो न दिसता जुन्या केरसुण्या दिसलो असतो. तेव्हा आभार.

पण तुझी टोपी त्यात नाही. मी खोकं उलटं करून झटकलं. आमच्या डोक्यांची मापं तुला तोंडपाठ, प्रत्येकाची बरोबर बसली, आणि स्वतःची तेवढी गाळलीस. रागवायचं असेल तर नीट राग. टोप्या शिवून पाठवायच्या आणि यायचं नाही, या असल्या रागाला मी कुठून धरू?

पालुपदाचं काय झालं ते ऐक. तुझ्यामुळे चालू झालंय, तेव्हा तुला कळलंच पाहिजे.

नेरेआने तोडगा काढला की ओळ सगळ्यांनी गायची, पण शेवटचा शब्द आला की ज्यांचा आहे त्यांनीच म्हणायचा आणि बाकीच्यांनी थांबायचं. बरं. ज्यांचे म्हणजे कोण? तू नाहीस. म्हणजे उरले लोलो आणि त्याचा नवरा. करून बघितलं. सगळी टोळी गरजत येते, "आलाय", आणि मग एकदम दोन आवाज, त्यातला लोलोचा नवरा बेसूर. दोन चोर पोलीस चौकीत नाव सांगतायत असं वाटलं.

लोलो म्हणाला, "हे काही खरं नाही. मी सगळ्यांना परवानगी देतो. गा."

नेरेआ म्हणाली, "तू सगळ्या पुरुषांच्या वतीने देऊ शकत नाहीस."

"मग चानोने सगळ्यांच्या वतीने काढून कशी घेतली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "चानोने फक्त माझ्याकडून काढून घेतली आहे." माझा आवाज जरा फाटला, ते जाऊ दे.

मग एन्कार्नीने ढोल मांडीवरून खाली ठेवला. ती कधी बोलत नाही हे तुला माहीत आहे, बोलली तर इंजिन ऑइलबद्दल बोलते. ती म्हणाली, "माझं काय ते आधी ठरवा. शाळेत, लष्करात, पहिल्या गॅरेजात, हा शब्द इथल्या सगळ्यांपेक्षा जास्त मी खाल्लाय. आणि मी तो कधी नव्हतेच. मी बाई होते. दुसऱ्याच्या नावचा मार मला मिळाला. मग तो माझा का नाही?"

नेरेआ म्हणाली, "मला माहीत नाही." त्या क्षणी मला ती पहिल्यांदा आवडली. तिने वहीत बघितलं नाही, कुणी काय म्हटलंय ते सांगितलं नाही.

एन्कार्नी म्हणाली, "बरं. मला तो नकोय. पण नको हे मी म्हणणार, तुम्ही नाही." आणि ढोल परत मांडीवर घेतला.

यावर पुढचे तीन गुरुवार भांडण झालं. गाणी तशीच पडून. लोलो एकदा दारापर्यंत जाऊन परत आला, कारण त्याचा नवरा उठला नाही. नेरेआ म्हणाली की आम्ही जुने लोक सगळ्याची थट्टा करतो आणि कुणाला लागलं का ते विचारत नाही. मी म्हणाले की तुम्ही नवे लोक एवढं विचारता की गायला वेळच उरत नाही. दोघींचंही खरं होतं, आणि दोघींना माहीत होतं, त्यामुळे आवाज आणखी चढले.

शेवटी तोडगा मलाच सुचला, मासे साफ करताना. कुणीच म्हणायचा नाही. ओळ तिथपर्यंत आणायची, आणि शब्दाच्या जागी सगळ्यांनी तोंडं मिटायची. एन्कार्नी ढोलावर दोन दणके देईल. बस्स. नेरेआने टाळ्या वाजवल्या. लोलोने मला मिठी मारली, टोप्या काढून, कारण त्या घालून मिठी मारता येत नाही. एन्कार्नी ढोलाचा पट्टा आवळत राहिली. इतके दिवस आम्ही हसलो नव्हतो, त्या रात्री हसलो.

म्हणजे तुझ्या मनासारखं झालं. तुला नको तो शब्द आता गाण्यात नाही. यायला काय हरकत आहे ते सांग. कार्निव्हलच्या रविवारी दुपारी, ला पाल्मा गल्लीच्या तोंडाशी, मासे तळणाऱ्याच्या दुकानासमोर. तुझी टोपी तू शिवली असशीलच, मला माहीत आहे. ये म्हणून सांगते आहे, विनवणी करत नाही.

रेग्ला


१२ फेब्रुवारी

चानो,

काल तू आला होतास. मी बघितलं.

तू मागून आलास की आधीपासून होतास ते मला माहीत नाही, म्हणून सगळंच लिहिते. वारा असा सुटला होता की काटे एका बाजूला झुकले होते. गल्ली भरलेली. बाबागाड्या, वाइनचे प्लास्टिकचे पेले, माद्रिदहून सकाळच्या गाडीने आलेले लोक, तोंडाला रंग फासलेले म्हातारे. पहिलं कडवं झालं, लोक हसले, मला बरं वाटलं. पालुपद आलं. गल्लीत आलं कोण. बाहेर काटे, आतून गोड, आलाय. आम्ही तोंडं मिटली. एन्कार्नीने पहिला दणका दिला.

दुसरा दणका पडायच्या आत अख्खी गल्ली ओरडली. तो शब्द.

सगळ्यांनी मिळून. बायका, नवरे, आजोबा, माद्रिदवाले. यमकच असं बेतलेलं आहे की तिथे दुसरं काही बसत नाही, आणि बेतणारी मी. ओरडून झाल्यावर त्यांनी स्वतःलाच टाळ्या दिल्या. आम्ही समोर ओळीने उभे, तोंडं मिटून, मिस्साला उभे असतो तसे. मी नेरेआकडे बघितलं, तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. लोलो हसायचा प्रयत्न करत होता.

तुला माहीत आहे मी दर वर्षी काय मागते. एक तरी पालुपद असं जमावं की रस्ता ते आपल्या तोंडून काढून घेईल. काल जमलं. दुसऱ्या कडव्याला ते आणखी जोरात ओरडले, आता फोन वर धरून. मागच्यांना ऐकू आलं नव्हतं, त्यांना पुढच्यांनी शिकवलं. एन्कार्नीला दणके गाळता येईनात, कारण आमचा ताल त्यावरच होता. मी तिला डोळ्यांनी विचारलं आणि तिने खांदे उडवले.

तिसऱ्या कडव्याला मी तळणाऱ्याच्या दाराकडे बघितलं. मिलाग्रोस होती, लाल विदूषकी नाक लावून, बेंबीच्या देठापासून ओरडत. मी तुझ्या बहिणीला पाळण्यातल्या बाळाला ओरडताना ऐकलंय, नवऱ्याला ओरडताना ऐकलंय, पण इतकी आनंदात मी तिला कधी बघितली नव्हती. आणि तिच्या शेजारी तू, करड्या कोटात, तिची पर्स हातात धरून. शब्द ओरडताना तिने तुला कोपराने ढोसलं. बघ, तुझंच गाणं, अशा थाटात.

तू हसलास. मान मागे टाकून.

ते हसू मी रोज सकाळी माझ्या ओट्यावरून बघत आले. पण ओरडणारी मीच असायची, आणि ओरडताना माणसाला समोरचं काय दिसतं? तुझे दात दिसायचे. काल माझं तोंड बंद होतं आणि दुसरं कुणीतरी ओरडत होतं, तेव्हा मला तुझे डोळे दिसले. ते हसत नव्हते. ते तळणाऱ्याच्या पाटीकडे बघत होते, तिच्यावर लिहिलेल्या दरांकडे, संपायची वाट बघत. ओरडणं संपलं, आणि तू हसणं थांबवलंस, लगेच, दिवा मालवावा तसं. मिलाग्रोसने ते बघितलं नाही. तिने कशाला बघावं? तू हसला होतास ना.

 

चौथ्या कडव्याला मी पालुपदाच्या आधी थांबले. हात वर केला आणि थांबले. आपण कधी गाणं मध्ये तोडलेलं नाही. पावसात गायलो, वीज गेली तेव्हा गायलो, लोलोच्या कपाळावर बाटली लागली होती त्या वर्षी त्याने रुमाल दाबून पुरं केलं. काल मी तोडलं. लोकांना वाटलं हाही विनोदच आहे. पालुपद त्यांनी आमच्याशिवाय म्हटलं, शेवटच्या शब्दासकट, आणि खूश झाले. मी परत दाराकडे बघितलं तर मिलाग्रोसची पर्स तिच्याच हातात होती आणि ती टाचा उंचावून तुला शोधत होती.

आम्ही किनाऱ्याच्या भिंतीवर जाऊन बसलो. टोप्या काढल्या. नेरेआ म्हणाली, "हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

एन्कार्नी म्हणाली, "माझ्या आलं होतं."

मी तिच्या अंगावर धावून गेले. "मग बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही सगळे इतके खूश होतात. म्हटलं, कशाला मध्ये पडा."

मी उठले आणि घरी आले, तशीच, काटे हातात घेऊन, आणि वाटेत तीन जणांनी मला ते पालुपद गाऊन दाखवलं.

रेग्ला


१५ फेब्रुवारी

चानो,

पालुपद काढून टाकलं. त्याच्या जागी कोळंबीच्या भावाबद्दल काहीतरी टाकलं आहे, अगदी भिकार. लोक जुनंच मागतात. एकाने तर पैसे परत मागितले, आम्ही घेतच नाही तरी. मागू देत.

कुर्रोशी बोलले. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मग मी त्याला काय म्हणू? चानो म्हटलं तर त्याला वाटेल मी रागावलोय." मी म्हटलं, वाटलं तर विचारेल तो. आणि मग मला जाणवलं की तू विचारणार नाहीस.

मी अजून रागावलेली आहे. निम्मी तुझ्यावर. तू बोलायला हवं होतंस, पहिल्या आठवड्यात, पहिल्या वर्षात, कधीही. मी ओरडले असते, दोन दिवस तोंड फिरवून बसले असते, आणि मग शिकले असते. मी शिकते, हे तुला माहीत आहे. तू ती संधी मला दिली नाहीस आणि रोज सकाळी एकट्याने तो शब्द गिळलास, आणि वर मला वाटू दिलंस की माझ्यासारखं जिवाभावाचं तुला कुणी नाही. हे मी तुला तोंडावर सांगणार आहे. बाकीचा निम्मा राग कुणावर आहे ते तुला सांगायला नको, आणि त्यासाठी माफीही तोंडावरच मागेन. पत्रात मागितलेली माफी तू घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवशील आणि विषय संपेल.

एक गोष्ट लिहूनच ठेवते, म्हणजे घोळ नको. मला बोयेरा म्हणायचं तू थांबवू नकोस. मला आवडतं. तू कधी विचारलं नव्हतंस, तरी सांगते आहे, असं सांगतात.

रविवारी बाजार बंद. दुपारच्या बसने सानलुकारला येते. मिलाग्रोसला काही सांगू नकोस, ती स्वयंपाक करत बसेल. तुला काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही, बसमध्ये ठरवीन, आणि तू दार उघडलंस की म्हणेन. आवडलं तर आत घे. नाही आवडलं तर तसं सांग, किंवा दार लाव, किंवा ऑलिव्हचं खारं पाणी माझ्या डोक्यावर ओत, मी दुसरं काहीतरी म्हणून बघेन, आणि तेही नसेल आवडत तर तिसरं. फक्त हसू नकोस.

रेग्ला